रोकडे के., रोकडे एस.

१२ जानेवारी १९८५

गुप्तेसरांनी आज माझा बायोडाटा हातात घेतला, शेवटचं पान उलटलं, परत सुलटं केलं. दोन्ही बाजूंनी कोरं.

"रोकडे, पेपर कुठायत तुमचे?"

"अजून नाहीत, सर."

"चार वर्षं झाली तुम्हाला इथे. कायम करायचं म्हटलं तर कमिटीपुढे मी काय ठेवू? तुमचं हजेरीपत्रक?"

ते वाईट बोलत नाहीत. खरं बोलतात, म्हणून जास्त लागतं. कॅन्सरच्या संशोधन संस्थेत मी हंगामी दंतवैद्य. रुग्णांची तोंडं तपासायची, तुकडा काढून पॅथॉलॉजीला पाठवायचा. त्यावर पेपर दुसऱ्यांनी लिहायचे. नीलिमा माझ्यानंतर आली. उंदरांवर काम करून तिचे पाच पेपर झाले. जेवणाच्या सुट्टीत तिने मला लायब्ररीत नेलं आणि सायटेशन इंडेक्स दाखवला. उशीएवढे जाड ग्रंथ, आत मुंगीएवढी अक्षरं. जगात कुणी कुणाच्या पेपरचा दाखला दिला ते आडनावांखाली छापलेलं असतं. नीलिमाच्या आडनावाखाली चार ओळी होत्या. मग गंमत म्हणून तिने 'रोकडे' शोधलं. कुणी एक 'रोहास' होता आणि लगेच खाली 'रोकोस'. मधे मी नव्हते.

"येशील गं तूही," नीलिमा म्हणाली. मी हसले. आतून काय झालं ते इथे लिहीत नाही.

२७ जानेवारी

रविवार. आईने सकाळीच तव्यावर तंबाखू भाजायला घेतली. मशेरीचा धूर घरभर. शंकर बोर्ड आणि कागद उचलून गॅलरीत गेला. माझा हा धाकटा भाऊ एमआयडीसीतल्या कंपनीत ड्राफ्ट्समन आहे, रविवारीही रेघा ओढत बसतो. "आई, ड्रॉइंग पिवळी पडतात," एवढंच म्हणाला. आईने नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. तंबाखू काळीकुळकुळीत झाली की चुरडायची, डबीत भरायची आणि उठता-बसता दातांना लावायची. लहानपणापासून आईचा म्हणून जो वास मला माहीत आहे, तो हाच.

दुपारी आपणहून म्हणाली, "साऱ्या जगाची तोंडं बघतेस, माझी दाढ ठणकतेय ती बघ की जरा."

दाढ बघायला गेले आणि डाव्या गालाच्या आत पांढरा डाग दिसला. चिंचोक्याएवढा. बोळ्याने पुसून पाहिला, गेला नाही. असे डाग मी रोज बघते. सगळ्यांचा कॅन्सर होत नाही हे मला माहीत आहे. काहींचा होतो, हेही.

"आई, मशेरी सोड. आजच्या आज."

"तुझे वडील गेले तेव्हा सुटली नाही, आता काय सुटतेय! दाढेचं बोल."

मी ओरडले, मग रडले. आईने ताट वाढलं. "जेव. डॉक्टरनं रडायचं नसतं."

संध्याकाळपासून एकच विचार डोक्यात आहे. आमच्याकडे येतात त्या बायका गाठ झाल्यावर येतात. घरात चुलीपुढे बसून मशेरी लावणाऱ्या धडधाकट बाईचं तोंड उघडून कुणी बघितलंय? बदलापूर गावात आईची बहीण आहे, रखमामावशी. तिच्या ओसरीवर बसून सुरुवात करता येईल.

१० मार्च

बदलापूर गाव. मावशीने बौद्धवाडीतल्या बायका गोळा करून ठेवल्या होत्या. मी बॅटरी आणि आरसा घेऊन बसले. आधी कोणीच पुढे येईना. मग मावशीच बसली.

"आमी सकालची लावतो, दुपारची लावतो, निजतानापन लावतो. नाय लावली का घरात भांडान," ती म्हणाली, आणि आऽ केला. तिच्या ओठाच्या आत डाग.

"काय हाय गं आत?"

"डाग आहे मावशी. मशेरीनं होतो."

"माज्या सासूलापन व्हता," ती म्हणाली. "मंग तिचा गालच गेला." हे इतक्या सहज म्हणाली, की पुढचं नाव लिहिताना माझं पेन थांबलं.

दुपारनंतर कुणबीआळीतल्या बायकाही आल्या. "दाताची डाक्टरीन फुकाट बगते" ही बातमी फिरली होती. मी प्रत्येकीला सांगितलं, मशेरी सोडा. प्रत्येकीने मान डोलावली. उठून जाताना एकीने कमरेची डबी काढून माझ्यासमोरच दातांना लावली.

२३ जून

गाव संपलं, नदीपलीकडच्या वाडीसकट. मशेरी लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या मिळून सव्वादोनशे बायका. लावणाऱ्या दर पाच-सहा जणींमागे एकीला डाग, न लावणाऱ्यांत जवळपास नाहीच. दिवसातून जितक्या जास्त वेळा, तितके डाग जास्त. शंकरने आलेख काढला. त्याच्या रोट्रिंग पेनची रेघ इतकी सुबक आली की मला वाटलं, आलेखाकडे बघूनच छापतील.

१९ ऑक्टोबर

गुप्तेसरांनी मसुदा तिसऱ्यांदा परत केला. पानापानावर लाल पेन्सिल. स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत. एवढं दुरुस्त केल्यावर मी रिवाजाप्रमाणे त्यांचं नाव माझ्या नावाशेजारी घातलं, तर त्यावरही लाल रेघ.

"माझं नाव नको."

"सर, विभाग तुमचा—"

"नको म्हटलं ना. एकटीचा जाऊ द्या."

त्यांना लाज वाटत असणार. गावच्या ओसरीवर बॅटरीने केलेलं काम. नीलिमाच्या सगळ्या पेपरांवर त्यांचं नाव आहे.

२६ ऑक्टोबर

आमच्या अंबरनाथशेजारच्या सिंधी वस्तीत, कॅम्प चारमध्ये, मोटवानींच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेले. मोटवानींनी पहिलं पान वाचून चष्मा वर केला. "मॅडम, बीमारी का नाव इतना लंबा? पेशंट नाव ऐकूनच जाएगा!" पण टाइप सुरेख केलं. एक खाडाखोड नाही. "फॉरेन जाएगा ना? फिर बढिया कागद लगाता हूँ."

४ मे १९८६

पेपर अमेरिकेतून परत आला. 'स्थानिक स्वरूपाचा विषय.' जानेवारीत इंग्लंडहून आला होता तोही याच कारणाने.

कोट्यवधी बायका जी गोष्ट करतात ती स्थानिक, आणि नीलिमाचे पिंजऱ्यातले दोनशे उंदीर जागतिक! हे मी नीलिमाला बोलूनही दाखवलं. तिला राग आला नाही. म्हणाली, "डेन्मार्कला पाठव. तिथे तोंडाच्या रोगांचं एक जर्नल आहे. छोटं करून पाठव."

मोटवानी म्हणाले, "फिर रिटर्न आया? मॅडम, कागद तो मैंने एक नंबर लगाया था!"

२ ऑगस्ट

स्वीकारला. डेन्मार्कने स्वीकारला! दोन पानांचा 'संक्षिप्त वृत्तान्त' म्हणून, पण स्वीकारला. पत्र घेऊन मी लायब्ररीपर्यंत पळत गेले आणि मग आठवलं की गुप्तेसरांना आधी सांगायला हवं होतं. ते "बरं" म्हणाले. दुसऱ्या मिनिटाला शिपायाकडून सगळ्या विभागाला चहा आला. कुणी मागवला कोण जाणे.

८ फेब्रुवारी १९८७

पेपराच्या छापील प्रती पोस्टाने आल्या. सगळ्यात वर माझं नाव, एकटं. शंकरने एक प्रत बाबांच्या फोटोखाली ठेवली.

आई म्हणाली, "वाचून दाखव."

"इंग्रजीत आहे आई."

"मग मराठीत दाखव."

मी वाक्या-वाक्याने सांगत गेले. किती जणींना डाग, किती वेळा लावल्याने किती, आणि यातले काही पुढे कॅन्सरकडे कसे जातात. आई भिंतीला टेकून ऐकत होती. तांदूळ निवडायचे राहिले होते, ताट मांडीवर तसंच. मी थांबले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "ह्यात रखमी कुठल्या आकड्यात आली?" मी आकडा दाखवला. तिने त्यावर बोट ठेवलं. "आणि मी?"

"तू नाहीस. तू अंबरनाथची."

तिने ताट पुढे ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले.

१७ फेब्रुवारी

घरात बसवत नाही. गेल्या रविवारी कल्याणचं स्थळ येऊन गेलं आणि मी नकार दिला. मुलगा बँकेत आहे, माणूस वाईट नव्हता. पण 'लग्नानंतर खेडोपाडी हिंडणार का' असं विचारलं तेव्हा मी 'हो' म्हटलं, आणि तिथेच सगळं संपलं. तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. भांडी आपटते. डोकं दुखतं म्हणून दुपारी डोक्याला फडकं बांधून पडते. शंकरवर खेकसते. काल चहात साखरेऐवजी मीठ पडलं, मी काही म्हणायच्या आत तिनेच कप मोरीत ओतला आणि रडायला लागली. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "जा गं तू कामाला."

मुलीने लग्न केलं नाही म्हणून आई इतकी आजारी पडावी? अपराधी वाटतं. पण 'हो' म्हटलं ते बदलवत नाही.

२२ मार्च

आईचं जरा शांत झालंय. सारखी बडीशेप चघळत असते. पित्त वाढलं असेल. आणि दर आठवड्याला बदलापूरला मावशीकडे जायचं नवं खूळ निघालं आहे. सकाळची जाते ती दिवेलागणीला येते. पिशवीत बडीशेप, आलं आणि चहाची पूड. मावशीकडे चहा मिळत नाही का? मी ओळखून आहे. दोघी बहिणी मिळून माझ्यासाठी गावोगाव स्थळं धुंडाळतायत.

आज विचारलंच, "काय चाललंय तुमचं बदलापूरला?"

"बसतो आम्ही बायका," म्हणाली.

५ सप्टेंबर

परदेशातून कार्डं येतात. ब्राझील, झेकोस्लोव्हाकिया, सुदान. 'आपल्या लेखाची प्रत पाठवावी.' पोस्टमन नाथा पंढरे दारातूनच ओरडतो, "ताई, आज कुठलं तिकीट बघा!" आणि घुटमळतो. मी तिकीट कापून त्याच्या पोराला देते.

लायब्ररीत इंडेक्सचा नवा ग्रंथ आला. रोहास, रोकोस. मधे कुणी नाही. कार्डं पाठवतात, पण दाखला कोणी देत नाही. प्रती मागवून करतात काय?

बदलापूरला गेले नाही दोन वर्षं. तिथलं काम संपलं आहे.

११ फेब्रुवारी १९८८

दाखला मिळाला.

नीलिमानेच दाखवला, आणि दाखवताना तिचा चेहरा बरा नव्हता. इंग्लंडमधल्या एका नावाजलेल्या प्राध्यापकांचा आढावा लेख. माझ्या वाट्याला चार ओळी. 'रोकडे यांचे आकडे विश्वसनीय वाटत नाहीत. डाग मशेरीनेच होतात असे म्हणायचे तर मशेरी सोडल्यावर ते जातात हे दाखवावे लागेल. आणि अशा खेडवळ स्त्रिया ही सवय सोडतील हे संभवत नाही.'

जगात पहिल्यांदा कोणी माझं नाव घेतलं ते हे सांगायला. इंडेक्समध्ये आता 'रोकडे' येईल. तिथे फक्त नाव छापतात, शिवी की शाबासकी ते छापत नाहीत. नीलिमा म्हणाली, "मोजताना दोन्ही एकच धरतात." तिला मला हसवायचं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

१३ फेब्रुवारी

गुप्तेसरांनी लेख वाचला. मला वाटलं, पेपर मागे घ्या म्हणतील.

"माणूस उद्धट आहे," ते म्हणाले, "पण प्रश्न बरोबर आहे. सोडल्यावर डाग जातो का?"

"सोडतं कोण, सर? मी प्रत्येकीला सांगितलं होतं. तोंडावर हो म्हणाल्या."

"तुम्ही परत जाऊन बघितलंत?"

नव्हतं बघितलं.

"मग त्याला संभवत नाही वाटतं आणि तुम्हालाही वाटतं. दोघांत फरक काय?"

हे फार लागलं. उद्या रविवार, जाते.

१४ फेब्रुवारी

बदलापूर गाव. जे झालं ते नीट लिहायला हवं.

पहिली मावशी. आऽ केला. ओठाच्या आत गुलाबी, स्वच्छ. मला वाटलं मी चुकीच्या बाजूला बघतेय. बॅटरी दुसऱ्या बाजूला नेली. तिथेही नाही.

"मावशी, मशेरी?"

"सोरली."

"कधी?"

"लय दिस झालं. कसला तरास झाला, बाय! तीन दिस मी भिंतीला डोकी आपटत व्हते."

दुसरी बाई, अंजना म्हात्रे. डाग होता तिथे फिकट सावली. तिसरीचा तसाच होता. ती मशेरी लावते. चौथीचा नाही. दुपार होईतो माझ्या लक्षात आलं की निम्म्याहून अधिक बायकांनी सोडली आहे, आणि सोडलेल्यांपैकी बहुतेकींचे डाग गेलेत किंवा जाताहेत. मी कागदावर खुणा करत होते आणि मला काहीच कळत नव्हतं.

"पण कुणी सोडवली तुमची? सरकारचं कोणी आलं होतं का? की टीव्हीवर काही दाखवलं?"

सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मावशी म्हणाली, "आगं येडे, तुज्या आयशीनं."

"आईनं?"

"मंग कुनी? दर हप्त्याला येऊन बसते. म्हनते, माजी सुटली तर तुमचीपन सुटंल. जिचं डोकं दुखंल तिच्या घरी जाती, चा करती, गप्पा मारती. माजी चोरून लावायची सवय व्हती, तर डबी घेऊन ग्येली माजी! तुला ठावं नाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी तिच्याच घरात राहते आणि मला ठाऊक नव्हतं.

घरी आले. आई भाकऱ्या थापत होती.

"आई, तोंड उघड."

"पीठ लागलंय हाताला."

"तोंडाने भाकरी थापतेस का? उघड."

डाव्या गालाच्या आत काहीही नव्हतं. मी बोट फिरवलं. मऊ, ओलं, तान्ह्या बाळाच्या गालासारखं. तीन वर्षं मी भीतीने परत बघितलंच नव्हतं.

"कधी सोडलीस?"

"तू तो कागद वाचून दाखवलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"परत लागली असती तर? तुझ्यापुढं खोटी पडले असते. नाही सुटत गं सहज. तुम्ही सोडा-सोडा म्हणता, कसं सोडायचं ते सांगता का?"

"ते डोकं दुखणं, रडणं..."

"मशेरीचं."

"मला वाटलं कल्याणच्या स्थळाचं."

आई हसायला लागली, भाकरी करपली तरी हसतच होती. "त्याच्यासाठी मी रडू? मला तर त्याचं बोलणंच पसंत नव्हतं!"

६ मार्च

पुन्हा सगळं गाव तपासतेय, आणि तुलनेला नदीपलीकडची वाडी, जिथे आई कधी गेलीच नव्हती. सोडलेल्या, न सोडलेल्या, सोडून परत धरलेल्या. आई बरोबर असते. मी तोंडात बघते, ती बाहेर बसून ऐकते. मला एक गोष्ट दिसली. ती कुणालाही 'वाईट आहे' म्हणत नाही. 'तलफ कधी येते तुला?' एवढंच विचारते.

२० नोव्हेंबर

मसुदा घेऊन गुप्तेसरांकडे गेले. वर तीन नावं लिहिली होती. रोकडे के., रोकडे एस., गुप्ते दि.

"ही एस. कोण?"

"सुंदराबाई. माझी आई."

सर खुर्चीत मागे टेकले. "पदवी?"

"जर्नल पदवी विचारत नाही, सर. काम कुणी केलं ते विचारतं. मशेरी सोडवायची पद्धत तिची आहे. पेपर त्याच पद्धतीवर आहे. आभारांत घातलं तर खोटं होईल."

त्यांनी आलेख पुन्हा एकदा बघितले. मग लाल पेन्सिल घेतली. त्यांनी स्वतःचं नाव खोडलं.

"सर!"

"गर्दी कशाला," म्हणाले. "जा, टाइप करा."

मला हा माणूस कळत नाही. या वेळी काम इतकं पक्कं आहे, तरी नाव नको!

मोटवानींनी आईचं नाव टाइप करताना विचारलं, "ये एस. भी डॉक्टर है?" मी म्हटलं, "डॉक्टर से भी बडी." त्यांनी आणखी चांगला कागद लावला.

३० जून १९८९

पहिल्याच खेपेला स्वीकारला. आणि दोन पानं नाही, पूर्ण लेख. परीक्षकाने लिहिलंय, 'दुसऱ्या लेखकाने वापरलेली पद्धत अधिक तपशिलाने द्यावी.' मी आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तपशील काय द्यायचा? चहात आलं किती ते लिही."

मी खरंच लिहिलं. आलं नाही, बाकीचं सगळं.

२४ ऑक्टोबर १९९०

नीलिमाने फोन करून लायब्ररीत बोलावलं. इंडेक्सचा नवा ग्रंथ टेबलावर उघडाच होता. रोहास. आणि मग 'रोकडे के.', त्याखाली ओळी. मी बोटाने मोजायला लागले. रकाना संपला.

"मोजू नकोस, पुढे बघ," नीलिमा म्हणाली.

पुढच्या रकान्यातही मीच होते. स्वीडन, श्रीलंका, सुदान, अमेरिकेतली दोन विद्यापीठं. लायब्ररियन शुक् शुक् करत होते तरी नीलिमा मोठ्याने बोलत होती, "माझ्या सगळ्या उंदरांना मिळून एवढे नाहीत गं!" आणि तिचे डोळे भरले होते, माझे कोरडे. मला फक्त भूक लागली होती. आम्ही कँटीनमध्ये जाऊन दोन-दोन बटाटेवडे खाल्ले.

१५ जानेवारी १९९१

कमिटी. पाच जण. गुप्तेसर एका टोकाला. अध्यक्षांनी विचारलं, "तुमचे पेपर दोनच. दुसऱ्या उमेदवाराचे एकवीस आहेत."

तेवढ्यात बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकबाईंनी समोरचा कागद पुढे सरकवला. "त्या एकवीस पेपरांचे मिळून जेवढे दाखले आहेत, त्याच्या दुपटीहून जास्त या दोनांचे आहेत. आणि हे बघा." इंग्लंडच्या त्या प्राध्यापकांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती. 'माझी शंका रोकडे व रोकडे यांनी दूर केली आहे,' असं छापलेलं. मला याचा पत्ताही नव्हता. त्या बाईंकडे हे पान कुठून आलं, देव जाणे. सर खिडकीबाहेर बघत होते.

२ फेब्रुवारी

कायम! वरिष्ठ संशोधन अधिकारी. शंकरने पेढे आणले, आईने विहारात नेऊन वाटले. शेजारच्या गंगूताई म्हणाल्या, "आता तरी लग्न कर." आई म्हणाली, "गंगू, पेढा खा."

९ डिसेंबर

आज नाथा पोस्टमन नेहमीसारखा ओरडला नाही. गोंधळला होता. "ताई, डॉक्टर एस. रोकडे कोण?"

पाकीट स्वित्झर्लंडचं. तंबाखू सोडवण्याच्या पद्धतींवर मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद आहे. आपल्या मूलभूत कार्याबद्दल डॉ. एस. रोकडे यांनी व्याख्यान द्यावे, ही विनंती. मी आतबाहेर पाकीट तपासलं. माझ्या नावाचं काही नव्हतं.

"मला बोलवलंय?" आईने विचारलं. "तुला नाही?"

"नाही."

आईने पाकीट माझ्या हातातून घेतलं. "चल माझ्याबरोबर. कोणी काही म्हणणार नाही."

१८ फेब्रुवारी १९९२

परिषद. आई जरीकाठाच्या निळ्या साडीत. आयोजकांना मी आधीच कळवलं होतं की या डॉक्टर नाहीत. त्यांचं उत्तर आलं, 'मग तर नक्की आणा.' मंचावर ती मराठीत बोलत होती, मी इंग्रजीत सांगत होते. समोर दोनशे माणसं, गळ्यात बिल्ले. मला वाटलं होतं आई घाबरेल. तिने आधी सगळ्यांना जयभीम केला, पाण्याचा ग्लास अर्धा प्यायली आणि सुरू झाली. तलफ किती वेळ राहते, ती आली की बाईला एकटी का सोडायची नाही, नवऱ्याला आधी का सांगून ठेवायचं, परत धरली तर का रागवायचं नाही. हॉलमध्ये फक्त पेनांचा आवाज येत होता.

शेवटी प्रश्न. खार्टूमच्या डॉक्टरबाईंनी दोन विचारले. मग मागून एक उंच गोरे गृहस्थ उठले. "तुमच्या लेखात तुलनेसाठी नदीपलीकडच्या वाडीतल्या स्त्रियांचा गट आहे. तिथे कोणी भेटी दिल्या नव्हत्या. त्या गटाची आजची स्थिती काय?"

मला हा प्रश्न अपेक्षित होता. तो आमचा तुलनेचा गट, कंट्रोल ग्रुप. नदीपलीकडे आई गेली नव्हती, म्हणून तिथले डाग तसेच राहिले होते. आमचा सगळा पुरावा त्या फरकावर उभा होता. या वर्षी पुन्हा तपासून तिसरा पेपर लिहायचा बेत होता. मी आईला प्रश्न सांगितला.

"पलीकडच्या?" आई म्हणाली. "त्यांच्याकडं जायला नव्हतं जमलं. गुडघा दुखायचा, चालवायचं नाही. आता दिवाळीपासून तिकडं रिक्षा जाते ना."

"म्हणजे?" मी माइकवर हात ठेवून विचारलं.

"म्हणजे मी जाते. दर बुधवारी. तू कामाला असतेस. पंधरा-वीस जणींनी सोडली पण."

मी ते इंग्रजीत सांगितलं. सांगावंच लागलं. पहिल्या रांगेत गुप्तेसरांनी कपाळाला हात लावला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हणाले, "अहो सुंदराबाई, आपला कंट्रोल ग्रुप गेला की!"

आईने माइक स्वतःकडे ओढला. "मग काय सर, त्यांची तोंडं तशीच ठेवू?"

मी याचंही भाषांतर केलं. आधी त्या खार्टूमच्या बाई उठल्या. मग तो उंच माणूस, टाळ्या वाजवत. मग रांगाच्या रांगा. सर हसत होते, मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आईला वाटलं कार्यक्रम संपला, म्हणून ती चपला शोधायला लागली.